पट आणि पोर: युनेस्को आणि युनिसेफ यांची गल्लत

बीड जिल्ह्यातल्या एका गावात पोषण पंधरवड्याच्या फलकावर ‘युनेस्कोच्या सहकार्याने’ असे ठळक छापलेले होते आणि शेजारचे चिन्ह होते आई व मुलाचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे, युनिसेफचे. फलक छापणाऱ्याला काय बोलणार. व्यासपीठावरच्या प्रत्येक वक्त्यानेही तेच वाचून दाखवले.

युनेस्को, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची शिक्षण, विज्ञान आणि संस्कृती पाहणारी संस्था, मराठवाड्याला नवी नाही. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून हे नाव इथे घरोघरी माहीत आहे. मात्र ही संस्था कोणत्याही राष्ट्रगीताला ‘जगात सर्वोत्तम’ ठरवत नाही. मोबाइलवर फिरणारा तसा निरोप पुढे पाठवणे आता तरी थांबवावे. युनिसेफ ११ डिसेंबर १९४६ रोजी महायुद्धात होरपळलेल्या मुलांसाठी तातडीचा निधी म्हणून निघाली आणि १९५३ मध्ये कायमची झाली. युनेस्कोचा नियमित खर्च सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीवर उभा आहे, तर युनिसेफ संपूर्णपणे स्वेच्छेने दिलेल्या पैशावर चालते. मुख्यालये पॅरिस आणि न्यूयॉर्क. इतके पुरे.

खरी अडचण ‘शिक्षण युनेस्कोचे, आहार आणि लस युनिसेफची’ या सोप्या वाटणीने होते. बालशिक्षणात दोघीही आहेत, पण त्या मोजतात वेगवेगळे. २०३० पर्यंत प्रत्येक मुलाला पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे, या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टाला दोन मापे जोडलेली आहेत. पहिलीत जाण्याच्या आदल्या वर्षी किती मुले बालवाडीसारख्या व्यवस्थेत आहेत, हे माप युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेकडे आहे. दोन ते पाच वर्षांच्या आतले मूल वयाप्रमाणे वाढते आहे का, हे माप युनिसेफकडे आहे. त्यासाठी आईला किंवा सांभाळणाऱ्याला वीस प्रश्न विचारले जातात, त्यांत खडबडीत जागेवर ते न पडता चालते का, असाही एक असतो.

हा फरक कागदी वाटत असेल तर ऊसतोडीचा हंगाम आठवावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेले आईबाप पोराला सोबत नेतात, आणि गावच्या अंगणवाडीच्या हजेरीपटावर त्याचे नाव तसेच राहते. पोर मात्र कारखान्याच्या हद्दीतल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले असते. पटावरून मोजले तर ते शिकते आहे. त्याच्याकडे पाहून मोजले तर उत्तर कदाचित निराळे येईल. मला दुसरे माप वजनदार वाटते, जरी पहाटेपासून कोयता चालवून आलेली बाई वीस प्रश्नांना किती निवांत उत्तर देईल ही शंका उरतेच.

मात्र सरकारशी पैशांवरून भांडायचे असेल, तर युनेस्कोचाच कागद हाती घ्यावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने ताश्कंदला भरवलेल्या परिषदेच्या जाहीरनाम्यात शिक्षणखर्चाचा किमान १० टक्के भाग पूर्वप्राथमिकसाठी असावा, असे नमूद आहे.

आणि अंगणवाडी या दोघींपैकी कुणाचीच नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या पैशावर चालते. युनिसेफ तिला साहाय्य करते. त्या फलकावर पहिले नाव महिला व बालविकास विभागाचे हवे होते, आणि खाली ज्यांनी त्या दिवशी खिचडी शिजवली त्या ताईंचे.