क्लोन केलेल्या मशीनचं नाव बदललं, पण एसआयडीचं काय?

एका पीसीवर विंडोज, सॉफ्टवेअर, ड्रायव्हर सगळं नीट बसवायचं, त्याची इमेज (पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत) काढायची आणि बाकीच्या मशीनवर टाकायची, मग एकाच नावाच्या दोन मशीन नेटवर्कवर आल्या की विंडोज बोंब मारतं म्हणून नावं बदलायची आणि झालं काम म्हणून मोकळं व्हायचं. पण नाव बदलून एसआयडी (सिक्युरिटी आयडेंटिफायर, म्हणजे विंडोज आतून वापरतं तो ओळख क्रमांक) बदलत नाही हो, दोन्ही पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

नाव आपल्यासाठी आणि नेटवर्कवर मशीन सापडावं म्हणून. नेटबायॉस या जुन्या नेटवर्क पद्धतीमुळे ते १५ अक्षरांत बसवायचं, सेटिंग्जमधून बदलायचं, रीस्टार्ट करायचं, विषय संपला. फक्त डोमेनमध्ये (सगळ्या मशीनची लॉगिन एका सर्व्हरवरून चालतात अशा नेटवर्कमध्ये) त्याच नावाने दुसरं मशीन जोडू नका, ते पहिल्याचं अकाउंट बळकावतं आणि पहिल्यावर ट्रस्ट रिलेशनशिप तुटल्याचा एरर येत बसतो.

एसआयडी विंडोजच्या सेटअपमध्ये तयार होतो. एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा, आणि त्या मशीनवरच्या प्रत्येक लोकल युजरचा एसआयडी म्हणजे हाच आकडा आणि पुढे एक शेपटी: बिल्ट-इन ॲडमिनिस्ट्रेटरला ५००, आपण बनवलेल्या युजरना १००० किंवा त्यापुढची. आता गंमत बघा. पहिल्या क्लोनवर १००१ म्हणजे 'अकाउंट्स', दुसऱ्यावर १००१ म्हणजे 'स्टोअर'. अकाउंट्सने एनटीएफएसच्या एक्स्टर्नल डिस्कवर फक्त स्वतःला परमिशन दिलेला फोल्डर केला आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, तर स्टोअरला तो फोल्डर बिनबोभाट उघडतो, वर सिक्युरिटी टॅबमध्ये मालक म्हणून नावही स्टोअरचंच दिसतं, कारण डिस्कवर नाव नसतंच, एसआयडी असतो.

मग इतकी वर्षं कुणाचं अडलं का नाही? कारण डोमेनमध्ये लॉगिन डोमेनच्या एसआयडीवर चालतं, मशीनच्या नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविचनी हेच सांगत मशीनचा एसआयडी बदलणारं स्वतःचं न्यूएसआयडी हे टूल बंद केलं, अडचण खरी होती ती डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरच्या बाबतीत. मायक्रोसॉफ्ट मात्र कायम सिसप्रेपच (इमेज काढण्याआधी मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजमधलंच टूल) करा म्हणत राहिली, आणि आपण सगळे ते कानाआड करत राहिलो. ऑगस्ट २०२५ च्या शेवटापासून आलेल्या अपडेट्सनंतर विंडोज ११ २४एच२, २५एच२ आणि सर्व्हर २०२५ हे एसआयडी तपासायला लागले. दोन मशीनचा सारखा निघाला की पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारतं, शेअर्ड फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप लागत नाही आणि सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट ६१६७ दिसू शकतो. आता नाव कितीही वेळा बदला, फरक शून्य.

उपाय एकच, सिसप्रेप, जनरलाइझचा ऑप्शन लावून, आणि तोही इमेज काढायच्या आधी. मशीन बंद झालं की लगेच इमेज घ्या, मध्ये चालू करू नका, कारण नवा एसआयडी पुढच्या बूटला बनतो आणि तो प्रत्येक क्लोनवर वेगळा बनायला हवा. वापरात असलेल्या मशीनवर सिसप्रेप चालवणं म्हणजे नसती उठाठेव: डोमेनमधून बाहेर पडतं आणि एखाद्या युजरने स्वतःपुरतं स्टोअर ॲप टाकलेलं असेल तर मध्येच अडकून बसतं. अशा वेळी नवी इमेज बनवून पुन्हा टाकलेलं बरं, माझ्या मते.

तपासायचं असेल तर दोन्ही मशीनवर पीएसगेटएसआयडी हे मायक्रोसॉफ्टचं छोटं टूल चालवा. डोमेन युजरचा एसआयडी बघून काही कळणार नाही, तिथे डोमेनचाच आकडा दिसतो.