अध्यापक विकास, उच्च शिक्षणातील

विद्यापीठे व महाविद्यालये यांत शिकविणाऱ्यांचे अध्यापनविषयक ज्ञान, कौशल्य व दृष्टी वाढावी आणि वर्गातील साधने त्यांना विचारपूर्वक वापरता यावीत, यासाठी संस्था वा शासन जी योजनाबद्ध व्यवस्था करते, तिला अध्यापक विकास म्हणतात. उद्‌बोधन वर्ग, उजळणी वर्ग, कार्यशाळा, वर्गनिरीक्षण, सल्लामसलत, रजा आणि अनुदाने हे तिचे परिचित प्रकार. शालेय शिक्षकाला सामान्यतः नोकरीपूर्वी अध्यापनाची पदवी किंवा पदविका घ्यावी लागते. विद्यापीठीय अध्यापकाची पात्रता मात्र बहुतेक देशांत विषयज्ञान व संशोधन यांवरच ठरत आली आहे. शिकवायचे कसे, हे तो आपल्याला कोणी कसे शिकविले ते आठवून आणि वर्गात ठेचा खात शिकतो. अध्यापक विकासाची गरज या उणिवेतून निर्माण झाली.

संज्ञा : अमेरिकेत ‘फॅकल्टी डेव्हलपमेंट’, कॅनडा व ब्रिटन येथे बहुधा ‘एज्युकेशनल डेव्हलपमेंट’ आणि ऑस्ट्रेलियात ‘अकॅडेमिक डेव्हलपमेंट’ ही नावे रूढ आहेत. फरक केवळ नावाचा नाही. पहिल्या संज्ञेत लक्ष व्यक्तीवर असते, उरलेल्या दोन्हींत अभ्यासक्रम आणि संस्थेची रीत यांनाही जागा मिळते. मराठीत ‘प्राध्यापक प्रशिक्षण’ असेही म्हणतात. पण प्रशिक्षण म्हटले की ठरावीक कौशल्याची तालीम डोळ्यांसमोर येते, म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘विकास’ हा शब्द वापरला आहे.

उगमाविषयीचे मतभेद : या कल्पनेचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. अभ्यासरजा म्हणजे सबॅटिकल हे अध्यापक विकासाचे सर्वांत जुने रूप, असे मानणारा एक पक्ष आहे. हार्व्हर्ड विद्यापीठात ही रजा सुरू झाली, यावर त्या पक्षाचा भर असतो. परंतु वर्षाबाबत त्यातही एकवाक्यता नाही. काही लेखक १८१० हे साल देतात, तर अधिक सावध अभ्यासक १८८० च्या सुमारास, चार्ल्स एलियट अध्यक्ष असताना, ती प्रथा पडली असे मानतात. संस्कृतचे अभ्यासक चार्ल्स लॅनमन यांना हार्व्हर्डकडे ओढून घेण्यासाठी दर सात वर्षांनी रजेची ही सवलत देऊ केली गेली, असे सांगितले जाते. ते १८८० मध्ये तेथे संस्कृतचे प्राध्यापक झाले, हे या तपशिलाशी जुळते. तेव्हा नंतरचे सालच अधिक संभाव्य वाटते.

तथापि साल कोणतेही धरले तरी मूळ आक्षेप उरतोच. अभ्यासरजा ही विद्वत्तेसाठी होती, अध्यापनासाठी नव्हे. रजेवर गेलेला प्राध्यापक हस्तलिखिते पाहून परत येई आणि पूर्वीसारखेच व्याख्यान देई. त्याच्या वर्गात काय घडते, हे पाहण्याची जबाबदारी कोणावरही नव्हती. म्हणून दुसरा पक्ष आरंभ १९६२ मध्ये धरतो. त्या वर्षी मिशिगन विद्यापीठात अध्ययन-अध्यापनाच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. विद्यापीठीय अध्यापन सुधारण्यासाठी उभे राहिलेले हे अमेरिकेतील पहिले केंद्र मानले जाते. तेथे प्रथमच अध्यापन हा संशोधनाचा आणि सल्ल्याचा विषय झाला. प्रस्तुत नोंदीस हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९६० च्या दशकातील विद्यार्थी आंदोलनांनी निरस व्याख्यानांवर उघड टीका केली आणि अशा केंद्रांच्या प्रसाराला त्यामुळे बळ मिळाले, हे सर्वमान्य आहे. ऑस्ट्रेलेशियात उच्च शिक्षणाच्या संशोधन व विकासाला वाहिलेली संघटना १९७२ मध्ये निघाली.

पुढील वाटचालीचे टप्पे अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये विद्वानाचे, अध्यापकाचे, विकासकाचे, अध्ययनार्थ्याचे व जाळ्यांचे असे पाच ‘युगां’त मांडले आहेत. ही विभागणी सोयीची असली तरी ती अमेरिकेपुरतीच खरी आहे; इतर देशांत हे टप्पे एकमेकांत मिसळलेले आढळतात.

पद्धती : सूक्ष्म अध्यापन म्हणजे मायक्रोटीचिंग ही पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन व त्यांचे सहकारी यांनी शालेय शिक्षकांसाठी तयार केली. पाच-दहा मिनिटांचा पाठ, मोजके विद्यार्थी, एकच कौशल्य, पाठाचे चित्रीकरण, अभिप्राय आणि लगेच दुसऱ्यांदा तोच पाठ, असा तिचा क्रम असतो. ॲलन पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेले आणि १९७२ मध्ये तेथे विद्यापीठीय अध्यापन सुधारण्याचे ‘क्लिनिक’ सुरू झाले. मुलाखत, वर्गनिरीक्षण, चित्रफीत आणि विद्यार्थ्यांची प्रश्नावली ही आजच्या सल्लागाराची चार साधने तेथे एकत्र आली. प्राध्यापकाला आपल्याच वर्गाची चित्रफीत शांतपणे बसून पाहायला लावणे, हा त्यातील सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयुक्त भाग होय. प्रश्न विचारून एक सेकंदही न थांबता आपणच उत्तर देतो, हे बहुतेकांना तेथे पहिल्यांदा दिसते. प्रश्नानंतरचा हा विराम सरासरी एका सेकंदाच्या आसपास असतो आणि तो तीन सेकंदांपर्यंत वाढविला तर उत्तरांची लांबी व दर्जा दोन्ही वाढतात, असे मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखविले होते. त्यांची निरीक्षणे शालेय विज्ञानवर्गांतील होती. ती विद्यापीठीय वर्गाला जशीच्या तशी लावताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी.

सत्राच्या मध्यावर घेतल्या जाणाऱ्या लहान गटांच्या चर्चेची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित झाली. तासाच्या शेवटी वीस-पंचवीस मिनिटे राखून अध्यापक वर्गाबाहेर जातो आणि सल्लागार आत येतो. विद्यार्थी चार-पाच जणांचे गट करून तीन प्रश्नांवर बोलतात : शिकायला कशाची मदत होते, कशामुळे अडते आणि काय बदलता येईल. गटांची उत्तरे फळ्यावर येतात व ज्यांवर सगळा वर्ग सहमत होतो, तेवढीच टिकतात. ‘स्लाइड इतक्या भराभर पुढे जातात की लिहून घेता येत नाही’ असे वाक्य त्यांत हमखास असते. सल्लागार हे सारे कोणाचेही नाव न घेता अध्यापकाला एकांतात सांगतो आणि पुढच्या तासाला अध्यापक काय बदलणार ते वर्गाला सांगतो. सत्राअखेर विद्यार्थी अध्यापकाविषयी जे गुणांकन-पत्रक भरतात त्यापेक्षा ही पद्धत सरस आहे, कारण ज्यांनी अडचण सांगितली त्यांनाच तिचा लाभ मिळतो. वरिष्ठांना या चर्चेचा अहवाल जात नाही. हा नियम मोडला की सल्ल्याचे रूपांतर तपासणीत होते आणि अध्यापक दार लावून घेतात.

वर्गातील तंत्रसाधने : फळा हेही एक तंत्रसाधनच होय. एडिंबरो येथील जेम्स पिलन्स आणि वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतील जॉर्ज बॅरन या दोघांकडे त्याच्या वापराचे श्रेय दिले जाते. दोन्ही नोंदी १९ व्या शतकाच्या प्रारंभीच्या आहेत. पुढे ओव्हरहेड प्रोजेक्टर, इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेली प्लेटो ही संगणकीय अध्यापनप्रणाली, स्लाइडा, क्लिकर (विद्यार्थ्याने बटण दाबून उत्तर नोंदविण्याचे हातातील छोटे यंत्र) आणि २००२ मध्ये आलेल्या मूडलसारख्या अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली असा क्रम सांगता येतो.

साधनांविषयीच्या प्रशिक्षणाचा पाया ज्या वादात आहे, तो मात्र सविस्तर पाहिला पाहिजे. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले, की माध्यम हे केवळ वाहन आहे. किराणा आणून देणाऱ्या ट्रकमुळे खाणाऱ्याचे पोषण बदलत नाही, तसे माध्यमामुळे शिकणे बदलत नाही. फरक पडतो तो अध्यापनपद्धतीमुळे. माध्यमांची तुलना करणाऱ्या जुन्या प्रयोगांत नव्या साधनाबरोबर पद्धतही बदललेली असे आणि श्रेय मात्र साधनाला मिळे, हे त्यांनी दाखवून दिले. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ व १९९४ मध्ये याला उत्तर दिले. प्रत्येक माध्यमाच्या अंगी काही क्षमता असतात. हलत्या आलेखामुळे जी मानसिक प्रक्रिया शक्य होते ती छापील पानाने होत नाही, म्हणून माध्यम व पद्धत वेगळी काढता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद सुटला असे म्हणता येत नाही. तरी उपलब्ध पुरावा क्लार्क यांच्या बाजूला अधिक झुकतो. हार्व्हर्ड येथील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी १९९१ पासून वापरात आणलेली सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत याचे चांगले उदाहरण आहे. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोणावर अधिक बल पडते, असा प्रश्न पडद्यावर येतो. विद्यार्थी एक-दोन मिनिटे एकट्याने विचार करून उत्तर नोंदवितात. न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना पाठ असतो, तरीही पुष्कळ जण ‘मोटारीवर’ असे म्हणतात. मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. त्या दोन मिनिटांत वर्गात जो गलबला होतो, त्यातच शिकणे घडते. अध्यापकाने नंतर केलेला खुलासा आता ऐकणाऱ्याला हवा असतो. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरे फार कमी किंवा फार जास्त असतील तर चर्चेतून फारसे हाती लागत नाही. या पद्धतीत क्लिकर वापरणारे आणि रंगीत कार्डे वर करणारे वर्ग यांची तुलना नथॅनिएल लास्री यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. क्लिकरमुळे मोजणी सोपी होते व नोंद राहते, एवढा लाभ निर्विवाद आहे.

कोझ्मा यांच्या म्हणण्यातील सत्यांश पुढे दुसऱ्या वाटेने आला. विषय जाणणे आणि तो शिकविता येणे यांच्यामधले, त्या विषयापुरते खास असे ज्ञान असते, हे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडले होते. पुण्य मिश्रा व मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रसाधनांच्या ज्ञानाची भर घातली. हा आराखडा टीपॅक या नावाने ओळखला जातो आणि त्यात विषय, अध्यापन व तंत्रसाधने यांचे ज्ञान एकमेकांना छेदणाऱ्या तीन वर्तुळांनी दाखवितात. त्यातील तीन वर्तुळांच्या सीमा प्रत्यक्ष मोजताना पुसट होतात, ही टीका रास्त आहे. पण त्यातून निघणारा व्यवहार स्पष्ट आहे : सर्व विभागांच्या अध्यापकांना एका संगणककक्षात बसवून बटणे दाखविणारी कार्यशाळा अपुरी पडते. संख्याशास्त्राच्या अध्यापकाला नमुन्यांचे सादृशीकरण (सिम्युलेशन) हवे असते, तर साहित्याच्या अध्यापकाला एकाच उताऱ्यावर साऱ्या वर्गाला टिपा लिहिता येतील असे साधन. स्लाइडवरील मजकूर शब्दशः वाचून दाखविल्याने आकलन घटू शकते, हा रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतील निष्कर्षही अशा कार्यशाळांत क्वचितच सांगितला जातो.

मार्च २०२० नंतर जगभरातील अध्यापकांना काही दिवसांत ऑनलाइन जावे लागले. त्या व्यवस्थेला ‘आणीबाणीचे दूरस्थ अध्यापन’ म्हणावे आणि विचारपूर्वक रचलेल्या ऑनलाइन शिक्षणाशी तिची गल्लत करू नये, असे अमेरिकी तज्ज्ञांनी त्याच महिन्यात सुचविले. हा भेद अद्याप पुरेसा रुजलेला नाही.

परिणामकारकता : कार्यशाळेनंतर सहभागींचे समाधान मोजणे सोपे असते आणि ते बहुधा चांगलेच भरते. वर्गातील बदल मोजणे अवघड आहे. डायन एबर्ट-मे व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जीवशास्त्राच्या अध्यापकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यशाळेनंतर आपण अध्यापनात सुधारणा केल्या असे ८९ टक्के अध्यापकांनी सांगितले. त्यांच्या तासांच्या चित्रफितींत मात्र ७५ टक्के अध्यापक व्याख्यानकेंद्रीच आढळले. यात खोटेपणा नसावा. आपण काय करतो हे आतून दिसत नाही आणि दोन-तीन दिवसांत सवय मोडत नाही. याउलट ग्रॅहम गिब्ज व मार्टिन कॉफी यांनी २००४ मध्ये आठ देशांतील २२ विद्यापीठांची पाहणी मांडली. तीत दीर्घ मुदतीचे प्रशिक्षण घेतलेले अध्यापक विद्यार्थ्याकडे अधिक वळलेले आढळले, तर प्रशिक्षण न मिळालेल्या गटात तसा बदल दिसला नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले, तर कालावधी व प्रत्यक्ष वर्गाशी जोड या दोन गोष्टी निर्णायक ठरतात, असे मत बनते.

आणखी एक अडचण विद्यार्थ्यांकडून येते. सक्रिय अध्ययनात, म्हणजे केवळ ऐकण्याऐवजी स्वतः प्रश्न सोडवीत शिकताना, आपण कमी शिकलो असे त्यांना वाटते, प्रत्यक्षात चाचणीत ते अधिक शिकलेले असतात, असे हार्व्हर्डमधील भौतिकीच्या वर्गांवरील २०१९ च्या प्रयोगात दिसून आले. पद्धत बदलू पाहणाऱ्या अध्यापकाला याची पूर्वकल्पना दिली नाही, तर पहिल्याच नाराजीनंतर तो जुन्या व्याख्यानाकडे परततो.

शासकीय व्यवस्था : ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणाविषयीच्या १९९७ च्या डिअरिंग अहवालाने अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला, २००४ मध्ये हायर एज्युकेशन अकॅडमी आणि २००६ मध्ये व्यावसायिक मानकांचा राष्ट्रीय आराखडा आला. भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली. नवनियुक्तांसाठी उद्‌बोधन वर्ग आणि विषयवार उजळणी वर्ग ही त्यांची मुख्य कामे. दोन्ही पदोन्नतीच्या योजनेशी जोडली गेली. या जोडणीमुळे उपस्थिती वाढली, तरी प्रमाणपत्र हेच उद्दिष्ट होण्याचा धोकाही निर्माण झाला. २०१५ मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली. तासिका तत्त्वावर व कंत्राटी पद्धतीने शिकविणाऱ्यांपर्यंत अशा योजना बहुतेक देशांत अपुऱ्याच पोहोचतात. प्रथम वर्षाचे मोठे वर्ग पुष्कळदा त्यांच्याकडेच असतात.