आठ किलोमीटर खडक आणि लाखभर कटलफिश

साउथ ऑस्ट्रेलियात वायाला नावाचं एक पोलाद कारखान्याचं शहर आहे, समोर स्पेन्सर गल्फ म्हणजे जमिनीत खोलवर घुसलेली समुद्राची लांबलचक खाडी. मे महिना लागला, म्हणजे तिकडचा हिवाळा सुरू झाला, की या शहराच्या जवळ पॉइंट लोली आणि ब्लॅक पॉइंटच्या आसपासच्या खडकाळ किनाऱ्यावर हजारो-लाखो कटलफिश जमायला लागतात आणि ऑगस्टपर्यंत तिथे नुसती झुंबड असते. किनारा किती, तर जेमतेम आठ किलोमीटर. पाणी किती खोल, तर कमरेएवढ्या पाण्यापासून सात-आठ मीटरपर्यंत. म्हणजे स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, लावून नुसतं तोंड पाण्यात घातलं तरी समोर दिसतात. कटलफिशच्या शंभराहून जास्त जाती आहेत पण अंडी घालायला एवढ्या दाटीने एका जागी जमणारी दुसरी कुठली जात जगात अजून कुणाला माहीत नाही. मला या प्राण्याबद्दल जे सगळ्यात जास्त वाटतं ते हेच, की एवढा सगळा संसार या एका खडकाच्या पट्टीवर उभा आहे, आणि का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी प्राणी कोण ते बघू. शास्त्रीय नाव सेपिया अपामा, जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1849 मध्ये नोंदवलेली जात, रोजच्या बोलण्यात जायंट ऑस्ट्रेलियन कटलफिश. मराठीत आपण कटलफिश काय आणि स्क्विड काय, सरसकट माकूळ म्हणून मोकळे होतो, पण दोघं वेगळे आहेत. नावात फिश असलं तरी मासा तर अजिबात नाही, हा गोगलगाय आणि शिंपल्यांच्या कुळातला, म्हणजे मृदुकाय प्राणी, ऑक्टोपसचा चुलतभाऊ. आठ हात आणि शिवाय दोन लांब टेन्टॅकल, जी एरवी आत दडवलेली असतात आणि खेकडा, कोळंबी किंवा मासा टप्प्यात आला की सटकन बाहेर सुटतात. हृदयं तीन, त्यातली दोन फक्त कल्ल्यांना रक्त पुरवायला. रक्त निळसर, कारण ऑक्सिजन वाहायला आपल्यासारखं लोह नाही तर तांबं वापरतात. आणि ही जगातली सगळ्यात मोठी कटलफिश, नुसतं धड अर्धा मीटर, हात धरून मीटरभर लांबी, वजन दहा किलोच्या पुढे जाऊ शकतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या सगळ्या किनाऱ्याला, पूर्वेला क्वीन्सलँडपासून पश्चिमेच्या किनाऱ्यापर्यंत आणि टास्मानियालाही, शंभर मीटर खोलीपर्यंत ही सापडते. पण बाकी सगळीकडे एकेकटी किंवा चार-दोन, जत्रा भरते ती फक्त वायालाला.

पाठीच्या आत एक चपटं पांढरं कवच असतं. किनाऱ्यावर वाहून आलेलं हे कवच म्हणजेच समुद्रफेस, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना चोच घासायला देतात तेच. हातात घेतलं तर अगदी हलकं, कारण आत शेकडो बारीक कप्पे आणि त्यांच्यामध्ये पातळ भिंती, बाकी सगळी पोकळी. जिवंत प्राण्यात या कप्प्यांत थोडा गॅस, थोडं पाणी असतं, आणि क्षारांचं प्रमाण बदलून ती पाणी आत-बाहेर करते, त्यामुळे न पोहतासुद्धा पाण्यात अधांतरी तरंगता येतं, बुडतही नाही आणि वरही येत नाही. पाणबुडीच्या टाक्यांचं काम तसंच असतं. फक्त फार खोल गेलं तर दाबाने कवच चिरडतं, म्हणून कटलफिश खोल समुद्रातला प्राणी नाही, तिला उथळ पाणीच लागतं.

आता रंगांबद्दल, आणि इथे थोडा वेळ थांबणार आहे कारण ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी मला नवीनच वाटते. कटलफिशच्या कातडीत लाखो बारीक बारीक रंगाच्या पिशव्या असतात, पिवळ्या, लालसर, तपकिरी. प्रत्येक पिशवीला चारी बाजूंनी स्नायूंचे धागे बांधलेले, आणि त्या स्नायूंच्या नसा थेट मेंदूतून आलेल्या. स्नायू आखडले की पिशवी ताणली जाऊन रंगाचा ठिपका मोठा होतो, सैल सोडले की आकसून टाचणीच्या टोकाएवढा. सरड्याचा रंग हळूहळू बदलतो, इथे मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत अख्खं अंग बदलतं, कारण हे हार्मोनचं काम नाही, आपण बोट हलवतो तसंच ती रंग हलवते. या पिशव्यांच्या खाली आणखी थर असतात, काही पेशी प्रकाश परावर्तित करून निळा-हिरवा चमचमाट देतात, काही नुसत्या पांढऱ्या. शिवाय कातडी उभारून खडबडीत करता येते, म्हणजे शेवाळलेल्या दगडाशेजारी बसली की रंगानेच नाही तर पोतानेही दगड होऊन जाते.

आणि एवढं सगळं करणारा हा प्राणी, जेवढं आज समजलंय त्याप्रमाणे, रंगांधळा आहे! डोळ्यात प्रकाश टिपणारं रंगद्रव्य एकाच प्रकारचं, आपल्याकडे तीन प्रकारचं असतं. उजेडात तिची बाहुली इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी वाकडी होते, आणि आपल्याला न दिसणारं प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाच्या लहरी कुठल्या दिशेने थरथरतात ते, तिला दिसतं, पण रंग रंग म्हणून कसे कळतात यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. एक कल्पना अशी आहे की वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश भिंगातून वेगवेगळ्या अंतरावर फोकस होतो आणि त्या धूसरपणावरून ती रंग ओळखत असावी, 2016 मध्ये ही कल्पना मांडली गेली, सगळ्यांना पटलेली नाही.

तर हिवाळ्यात हे सगळं रंगांचं सामान घेऊन नर वायालाला येतात. एरवीचं आयुष्य शांत असतं, मीलनाचा हंगाम नसतो तेव्हा यांच्या मागावर राहून केलेल्या अभ्यासात दिसलं की दिवसाचा 95 टक्क्यांहून जास्त वेळ कपारीत नुसतं पडून राहतात. हंगामात मात्र उलटं. नर कायमच माद्यांपेक्षा जास्त असतात, सरासरी एका मादीमागे चार, आणि काही वेळा दहाच्याही वर. मोठा नर मादीच्या अंगावर छत्रीसारखा तरंगत पहारा देतो, दुसरा मोठा नर आला की दोघं एकमेकांना समांतर होतात, शेवटचे रुंद हात पताकेसारखे पसरतात आणि अंगावरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या लाटा धावायला लागतात, अक्षरशः स्क्रीनवर काहीतरी स्क्रोल होतंय असं वाटतं. बहुतेक वेळा यातच कोण मोठा ते ठरतं आणि हरलेला रंग फिका करून निघून जातो, चावाचावी क्वचित.

मग लहान नरांनी काय करायचं? ते मादीचं सोंग घेतात. पताकेसारखे हात आत ओढून घ्यायचे, अंगावर मादीचे ठिपके-ठिपके आणायचे, अंडी घालणारी मादी जशी हात आखडून बसते तसे हात धरायचे आणि पहारेकरी नराच्या डोळ्यांदेखत मादीच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. तो मोठा नर याला आणखी एक मादी समजतो, कधी कधी त्याच्यावरही पहारा द्यायला लागतो! मग मोठ्याचं लक्ष दुसऱ्या नराकडे गेलं की तेवढ्यात मीलन उरकायचं. अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीचे रॉजर हॅनलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वायालाला पाण्यात बसून चित्रित केलं आणि अंड्यांची डीएनए तपासणी करून दाखवलं की सोंगाड्या नराची पिल्लं खरोखर होतात, 2005 मध्ये नेचर नियतकालिकात ते छापून आलं. म्हणजे सोंग नुसतं जवळ जाण्यापुरतं नाही, त्याने वंश चालतो.

पण या सगळ्यात शेवटचा शब्द मादीचा असतो, हे बऱ्याचदा सांगायचं राहून जातं. येणाऱ्या बहुतेक नरांना ती नाकारते, नको असेल तेव्हा अंगाच्या कडेच्या झालरीसारख्या पराच्या मुळाशी एक पांढरी रेघ दाखवते. मीलन तोंडाला तोंड लावून होतं, नर एका खास हाताने शुक्राणूंच्या पुड्या तिच्या तोंडाखालच्या जागेत ठेवतो, त्याच्या आधी पाण्याची पिचकारी मारून आधीच्या नराचं जे काही असेल ते धुऊन काढायचा प्रयत्नही करतो. एकाच मादीजवळ अनेक नरांचे शुक्राणू साठलेले असतात आणि अंडी ती एकेक करून घालते.

अंडी घालताना तिला जवळून बघितलं की ही जागाच का, ते कळतं. ती दगडाच्या कपारीपाशी येते, आठही हात एकत्र करून पुढे टोक करते आणि ते आत खुपसते, जवळजवळ डोळ्यांपर्यंत, आणि आत कपारीच्या छताला एक अंडं चिकटवते. मागे येते, थोडा वेळ थांबते, पुन्हा तेच. अंडं छोट्या लिंबाच्या आकाराचं आणि पांढरं, कारण युरोपातली कटलफिश अंड्याच्या कवचात शाई मिसळून ते काळं करते तसं ही करत नाही, म्हणून ते उघड्यावर ठेवून चालत नाही, लपवावंच लागतं. आणि दगडाच्या खालची बाजू हवी, पोकळी हवी, पाणी खेळतं हवं. स्पेन्सर गल्फच्या वरच्या भागात तळ बहुतेक सगळीकडे वाळू, चिखल आणि समुद्री गवत आहे. चपटे फुटलेले, एकावर एक कललेले दगड आहेत ते या आठ किलोमीटरच्या पट्टीत. तेवढी एक गोष्ट इथे आहे आणि आसपास कुठे नाही, म्हणून सगळ्या इथे येतात.

पाणीही साधं नाही. नेहमीच्या खाडीत नदीचं गोडं पाणी येतं म्हणून आत गेलं की खारटपणा कमी होतो, इथे नद्या नाहीतच जवळजवळ आणि ऊन कडक, त्यामुळे आत गेलं की पाणी जास्त खारट होतं. साधारण समुद्रात लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असतं, इथे 40 च्या वर जातं. वायालाच्या कटलफिशची वंशावळ बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे, त्या बाहेरच्यांत फारशा मिसळत नाहीत. खारटपणा आणखी वाढला तर अंड्यांतली पिल्लं कमी जगतात हे प्रयोगांत दिसलंय, म्हणूनच पॉइंट लोलीला समुद्राचं पाणी गोडं करायचा मोठा प्लँट काढायची योजना आली तेव्हा, उरलेलं अतिखारट पाणी कुठे सोडणार, यावरून लोकांनी जोरदार विरोध केला होता.

शत्रू भरपूर आहेत, सील आहेत, आणि डॉल्फिन. एका डॉल्फिनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इथेच स्पेन्सर गल्फमध्ये एक मादी बॉटलनोज डॉल्फिन कटलफिशला आधी शेवाळातून हुसकून मोकळ्या वाळूवर आणायची, मग डोकं खाली शेपूट वर अशी उभी राहून नाकाने तिला तळावर दाबून मारायची. मग मेलेली कटलफिश वर उचलून नाकाने आपटत राहायची, सगळी शाई निघून जाईपर्यंत. आणि शेवटी परत खाली नेऊन उलटी करून वाळूवर घासायची की पाठ फाटून कवच सुटून बाहेर येईल. साफ केलेलं मांस मग खायचं. शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हे प्रसिद्ध केलं.

माणसाने तर एका हंगामात काय केलं बघा. 1990 च्या दशकात आधी मासे पकडायचं आमिष म्हणून थोड्याफार पकडायचे, 1997 मध्ये बोटी थेट या जत्रेवरच आल्या आणि 250 टनांच्या आसपास माल निघाला. अंडी घालायला आलेलेच प्राणी, अंडी घालण्याआधी. 1998 पासून इथे बंदी आणावी लागली. आणि या प्राण्याचं आयुष्य एक-दोन वर्षांचं, अंडी घातली की नर-मादी दोघं झिजून मरतात, हंगामभर धड खातही नाहीत. म्हणजे पुढच्या वर्षी येणारी सगळी नवीनच पिढी, गेल्या वर्षीचं शिल्लक कोणी नाही, हंगाम वाया गेला तर भरून काढायला म्हातारे नाहीत. मोजणीत ते स्पष्ट दिसतं, 1999 मध्ये दीड लाखाच्या वर, 2013 मध्ये घसरत घसरत साडेतेरा हजारांच्या आसपास, तेव्हा वाटलं संपलं आता, आणि मग परत वाढून 2020 पर्यंत दोन लाखांच्या पुढे. घसरण नेमकी कशाने झाली आणि सावरली कशाने याचं एक उत्तर नाही. 2023 मध्ये हा किनारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेला.

2025 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात घातक शेवाळ प्रचंड माजलं, माशांपासून शार्कपर्यंत कितीतरी प्राणी मरून किनाऱ्याला लागले, आणि ते स्पेन्सर गल्फमध्ये वर सरकलं तर अंड्यांचं काय ही चिंता सुरू झाली. म्हणून पॉइंट लोलीजवळ पाण्याखाली भोकं पाडलेले पाइप टाकून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभा करायचं ठरलं, की निदान काही अंडी त्याच्या आड राहतील.

अंडी तीन ते पाच महिने तशीच लटकत असतात. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, पाणी कोमट होत जातं तशी एकेक फुटतात, आणि सेंटिमीटरभराचं पिल्लू बाहेर येतं, आई-बाप मरून महिने झालेले, शिकवायला कोणी नाही. ते खाली बसतं आणि बसल्या जागी अंगावर दगडाचे ठिपके आणतं.