रायफलचा बॅरल नट किती आवळावा?

नट जितका जास्त आवळावा तितका जोड पक्का होतो, हा समज गॅरेजपासून कारखान्यापर्यंत सर्वत्र आढळतो. बंदुकीच्या बाबतीत तर तो अधिकच दृढ असतो; कारण ज्या नळीत प्रत्येक गोळीमागे स्फोटाचा प्रचंड दाब निर्माण होतो, ती नळी धरून ठेवणारा नट अंगात असेल नसेल तेवढ्या ताकदीने आवळलेला असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात एआर-१५ आणि एम-१६ या अमेरिकी घराण्यातील रायफलींच्या लष्करी दुरुस्ती-पुस्तिकेत या नटासाठी ३० ते ८० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ४१ ते १०८ न्यूटन-मीटर, एवढाच टॉर्क, म्हणजे पान्याने फिरवण्याचा जोर, सांगितलेला असतो. यातील वरची मर्यादा साधारण मोटारीच्या चाकाच्या नटाइतकी आहे आणि खालची तिच्या निम्म्याहूनही कमी. इतक्या काटेकोर यंत्रासाठी इतकी रुंद मुभा का असावी, याचे उत्तर घर्षणाच्या भौतिकशास्त्रात आहे.

आधी या नटाचे काम समजून घेतले पाहिजे. यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत १९५० च्या दशकात ही रचना विकसित केली आणि १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले. रायफलचा मुख्य सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, हलक्या ॲल्युमिनियमचा ठेवता आला. कारण गोळी सुटताना मागे ढकलला जाणारा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा भाग, आपल्या दातांनी नळीच्या मागील पोलादी भागातच अडकतो. स्फोटाचे बल अशा रीतीने पोलादातल्या पोलादात पेलले जाते आणि बॅरल नटावर त्याचा थेट भार येत नाही. नटाकडे उरते ते काम वेगळे आहे: नळी रिसीव्हरच्या तोंडाशी इतकी घट्ट दाबून धरायची, की हादरे, वाक आणि उष्णता यांमुळे त्या दोन पृष्ठभागांत केसभरही फट पडू नये.

रिसीव्हरच्या पुढच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असतात. त्यांचा व्यास ३१.७५ मिलिमीटर असतो आणि एका इंचात १८ आटे बसतात. नळीचा मागचा भाग रिसीव्हरमध्ये सरकतो, त्याची कॉलर रिसीव्हरच्या तोंडावर टेकते आणि नळीवरील छोटी पिन तिथल्या खाचेत बसते. नळीची वरची बाजू वरच राहील याची जबाबदारी या पिनेची आहे. मग पुढून नट येतो आणि कॉलरला मागे दाबतो.

आता मूळ मुद्दा. नट आवळला की नटाची भिंत लांबीच्या दिशेने किंचित ताणली जाते आणि मधली कॉलर तितक्याच बलाने दाबली जाते. या साठवलेल्या ताणाला पूर्वताण म्हणतात. जेवणाच्या पुडाच्या डब्याची कडी लावताना तिची पट्टी थोडी ताणली जाते आणि त्या ताणामुळेच पुडे हलत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. बाहेरून जोड उघडू पाहणारे बल जोवर पूर्वताणापेक्षा कमी आहे, तोवर पृष्ठभाग एकमेकांपासून सुटत नाहीत. म्हणजे जोड टिकतो तो पूर्वताणामुळे. मात्र आपण मोजतो तो टॉर्क, आणि या दोहोंच्या मध्ये घर्षण उभे असते.

अभियंते यासाठी एक सोपे सूत्र वापरतात: टॉर्क बरोबर घर्षणाचा गुणक गुणिले व्यास गुणिले पूर्वताण. ग्रीस लावलेल्या आट्यांसाठी हा गुणक साधारण ०.१५ आणि कोरड्या पोलादी आट्यांसाठी साधारण ०.२ धरला जातो. ६० न्यूटन-मीटर टॉर्क लावला, तर ०.१५ या गुणकाने पूर्वताण सुमारे १२,६०० न्यूटन येतो, म्हणजे जवळजवळ १,२८५ किलो वजनाइतका. गुणक ०.२ असेल तर त्याच टॉर्कला तो ९,४५० न्यूटनवर उतरतो. पान्यावरचा आकडा तोच, पण जोडातले बल एक चतुर्थांशाने कमी.

असे का होते, हे ऊर्जेच्या हिशेबाने पाहिले तर अधिक स्पष्ट होते. नट एक पूर्ण फेरा फिरला की तो एका आट्याने, म्हणजे सुमारे १.४१ मिलिमीटर, पुढे सरकतो. १२,६०० न्यूटनच्या बलाविरुद्ध सरकण्यासाठी घर्षण नसते तर लागणारा टॉर्क म्हणजे हे बल गुणिले १.४१ मिलिमीटर, भागिले २π (π म्हणजे सुमारे ३.१४). तो जेमतेम २.८ न्यूटन-मीटर भरतो. आपण तर ६० लावले! उरलेले सुमारे ५७ न्यूटन-मीटर आट्यांच्या आणि कॉलरच्या पृष्ठभागांवरील घर्षणात खर्च झाले. व्यास मोठा आणि आटे बारीक असल्यामुळे येथे उपयोगी वाटा पाच टक्क्यांहूनही कमी राहतो. साहजिकच घर्षण थोडे बदलले, की पूर्वताण जवळजवळ त्याच प्रमाणात बदलतो. उत्तम टॉर्क पाना वापरला तरी पूर्वताणात २५ ते ३० टक्क्यांचा फरक पडू शकतो, असे जे अभियांत्रिकीत मानले जाते, त्याचे कारण हे आहे.

पुस्तिकेत सांगितलेली प्रत्येक कृती या घर्षणाला वठणीवर आणण्यासाठी आहे. आट्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले ग्रीस लावले जाते, कारण ते प्रचंड दाबाखालीही पृष्ठभागांमधून निघून जात नाही. ग्रॅफाइटचे ग्रीस मात्र टाळावे लागते. ग्रॅफाइट विजेचा वाहक आहे आणि ओलावा मिळाला की त्याच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते. पुढे नट एकदा आवळून, सैल करून पुन्हा आवळायचा, असे तीन वेळा करायचे असते. नव्या आट्यांवर सूक्ष्म उंचवटे असतात. ते पहिल्या आवळणीत चेपले जातात आणि चेपताना ताण गमावतात, त्यामुळे आज नीट आवळलेला नट उद्या थोडा सैल भासतो. तीन फेऱ्यांत हे उंचवटे बसतात आणि घर्षण स्थिरावते.

येथे थोडे विषयाला धरूनच सांगावेसे वाटते. एखादे विशिष्ट ग्रीस लावल्याने नेमबाजी अचूक होते, अशा जाहिराती केल्या जातात. ग्रीसचे काम घर्षण ठरावीक ठेवणे आणि गंज रोखणे एवढेच आहे. आपल्याकडे ट्रकला लिंबू-मिरची न चुकता बांधली जाते, पण चाकांचे नट कोणत्या टॉर्कने आवळले याची चौकशी क्वचित होते. रस्त्यावर निसटणाऱ्या चाकाला पूर्वताणच रोखतो, दृष्ट काढून ते थांबत नाही.

आता त्या रुंद मुभेकडे येऊ. नटाच्या कडेला दाते असतात आणि गोळीमागचा थोडा वायू नळीवरून मागे आणणारी बारीक गॅस ट्यूब दोन दात्यांमधील खाचेतून रिसीव्हरमध्ये शिरते. त्यामुळे नट हव्या त्या कोनावर थांबवता येत नाही. खाच रिसीव्हरच्या छिद्रासमोर यावीच लागते. एका अंशाच्या फिरकीने नट सुमारे ०.००४ मिलिमीटर सरकतो आणि मधला ताणला जाणारा भाग आखूड व ताठ असल्यामुळे एवढ्याशा सरकण्यानेही टॉर्क झपाट्याने वाढतो. ३० फूट-पाउंड पूर्ण झाल्यावर खाच जुळली नसेल, तर पुढची खाच येईपर्यंत आवळत जायचे, पण ८० ओलांडायचे नाहीत. ही मुभा म्हणजे खाच जुळवण्यासाठी ठेवलेली जागा आहे. जुळवणीसाठी नट मागे मात्र फिरवायचा नसतो. उलट फिरवताना घर्षणाची दिशा पालटते, अल्पशा कोनात बराच पूर्वताण निघून जातो आणि उरलेला किती हे पान्यावरून कळत नाही. ८० पर्यंतही खाच जुळली नाही, तर नट बदलावा किंवा पातळ शिम, म्हणजे धातूची चकती, घालावी. ८० पलीकडे गेल्यास ॲल्युमिनियमचे आटे पोलादी नटापुढे आधी हार मानतात.

पान्याचाही एक बारकावा आहे. बॅरल नटाचा दातेरी पाना टॉर्क पान्याच्या टोकाला सरळ रेषेत जोडला, तर तरफेची भुजा लांबते. ४० सेंटिमीटरच्या पान्याला ५ सेंटिमीटरची जोड दिली की प्रत्यक्ष टॉर्क दाखवलेल्या आकड्याच्या साडेबारा टक्के जास्त पडतो. तीच जोड काटकोनात लावली तर फरक नगण्य राहतो.

भारतात परवान्याशिवाय बंदूक बनवणे किंवा दुरुस्त करणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे हे काम लष्कराच्या आणि परवानाधारक कारागिरांच्या हातचे. ते शेवटची तपासणी करतात ती गॅस ट्यूबची: ती खाचेतून कडांना न घासता सरळ आत गेली पाहिजे आणि बोल्ट वाहून नेणारा भाग हाताने पुढे ढकलला असता त्याची तोटी ट्यूबवर न अडखळता बसली पाहिजे. ट्यूब एका बाजूला झुकली असेल तर प्रत्येक गोळीमागे तोटी तिच्यावर घासते, दोन्हींची झीज होते, वायू गळू लागतो आणि कालांतराने रायफल पुढची गोळी भरण्यात अडखळते. मग टॉर्कचा आकडा कितीही बरोबर असो, नट पुन्हा काढून खाच नव्याने जुळवावी लागते.