डोंगरागणिक वेगळा गळा: हिलस्टार हमिंगबर्डची पार्श्वभूमी

2017 साली इक्वाडोरच्या नैऋत्येला, सेरो दे आर्कोस नावाच्या डोंगरावर, पक्षीअभ्यासक फ्रान्सिस्को सोर्नोसा यांनी एका हमिंगबर्डचे फोटो काढले. ओळखीच्या कुठल्याच जातीत तो नीट बसेना. पुन्हा जाऊन पाहणी झाली आणि 2018 मध्ये जगासमोर आला निळ्या गळ्याचा हिलस्टार. हिलस्टार म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात उंचावर राहणारे हमिंगबर्ड. ओरिओट्रोकिलस सायनोलीमस हे त्याचं शास्त्रीय नाव. एकविसाव्या शतकात असा भडक रंगाचा पक्षी नजरेतून सुटलाच कसा, असा प्रश्न पडतो. पण या कुळाचा इतिहास पाहिला तर नवल वाटत नाही. हिलस्टार एका डोंगरावरून दुसऱ्यावर सहसा जातच नाहीत. एका शिखरावरचा पक्षी नोंदला गेला, म्हणून शेजारच्या शिखरावरचा आपोआप नोंदला जात नाही.

पहिली नोंद बोलिव्हियातली. 1838 साली द'ऑर्बिन्यी आणि लाफ्रेनाय या फ्रेंच अभ्यासकांनी हिरव्या गळ्याच्या अँडियन हिलस्टारचं वर्णन केलं. मग 1846 मध्ये दलात्र आणि बुर्सिये या फ्रेंचांनी इक्वाडोरच्या चिंबोराझो ज्वालामुखीवरच्या जातीला त्या पर्वताचंच नाव दिलं. पुढच्याच वर्षी लंडनचे पक्षीअभ्यासक जॉन गूल्ड यांनी या डोंगरी हमिंगबर्डसाठी ‘ओरिओट्रोकिलस’ ही वेगळी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) काढली. ‘ओरिओ’ म्हणजे पर्वताचा. गंमत अशी की तोवर गूल्ड यांनी जिवंत हमिंगबर्ड पाहिलेलाही नव्हता. सगळा अभ्यास जहाजाने आलेल्या सुक्या कातड्यांवर. आणि या पक्ष्यांच्या डोक्यावरची झळाळी रंगद्रव्यापेक्षा पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते. मान जरा वळली की तेच डोकं काळं दिसतं.

चिंबोराझोचा नर पक्षी साधारण 12 सेंटिमीटरचा, वजन आठेक ग्रॅम. डोकं आणि गळा लखलखीत जांभळा-निळा, जणू टोपडंच. त्याखाली काळी रेघ, मग पांढरं पोट. गळ्याच्या खालच्या भागात एक चमकदार हिरवा पट्टा. मादी मात्र मळकट हिरवी-राखाडी.

घोळ झाला तो या हिरव्या पट्ट्यापायी. उत्तर इक्वाडोर आणि कोलंबियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या नरांच्या गळ्यावर तो नसतो. 1849 मध्ये विल्यम जार्डिन यांनी त्यांना ‘जेमसोनी’ हे नाव दिलं, इक्वाडोरची राजधानी किटोत राहणाऱ्या विल्यम जेमसन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. दोन्ही बराच काळ वेगळ्या जाती मानल्या गेल्या. 1922 मध्ये किलोतोआ ज्वालामुखीवरून तिसरा प्रकार नोंदला गेला. आज हे तिन्ही एकाच जातीचे उपप्रकार धरतात. मला हे वर्गीकरणाच्या भांडणापेक्षा नकाशासारखं वाटतं: गळा पाहावा आणि डोंगर ओळखावा.

हे पक्षी राहतात पारामोत, म्हणजे झाडांची हद्द संपल्यावरच्या गवताळ, वाऱ्या-धुक्याच्या पट्ट्यात. चिंबोराझोचा हिलस्टार मुख्यतः 3,600 ते 4,600 मीटरवर. इतक्या विरळ हवेत तरंगत मध पिणं महागात पडतं, म्हणून ते बहुधा झुडपावर बसूनच पितात. त्यासाठी त्यांचे पायही इतर हमिंगबर्डपेक्षा मोठे आणि दणकट. (आपल्याकडचा शिंजीरही सहसा बसूनच मध पितो. त्याला हौसेने हमिंगबर्ड म्हटलं जातं, पण तो वेगळ्या कुळातला. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीतच.) मध मुख्यतः चुकिरागुआ या काटेरी झुडपाच्या नारिंगी फुलांतला. रात्री थंडी पडली की शरीराचं तापमान उतरवून पक्षी सुप्तावस्थेत जातो. घरटं कपारीत, वरून खडकाचं छप्पर असेल अशा जागी.

दोन पारामोंच्या मध्ये खोल दरी आली की पक्षी अडतो. निळ्या गळ्याच्या हिलस्टारच्या बाबतीत उत्तरेला हुबोनेस नदीचं कोरडं, उष्ण खोरं आहे. त्या पलीकडे चिंबोराझोचा हिलस्टार, तर दक्षिणेला हिरव्या डोक्याचा हिलस्टार, ही आणखी एक जात. मध्ये अडकलेल्या या पक्ष्याला 2018 च्या अभ्यासानुसार जेमतेम 114 चौरस किलोमीटर जागा उरते, संख्या साडेसातशेच्या वर नसावी असा अंदाज आहे, आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. गुरांच्या चाऱ्यासाठी पारामोतलं गवत पेटवतात, त्यात चुकिरागुआही जळतो. कुठे पाइनची लागवड झाली आहे, आणि खाली सोन्याच्या खाणींची टांगती तलवार आहे. खालून जागा आकसली तर वर सरकायला वाव नाही, कारण हा पक्षी राहतो तो डोंगराचा माथाच आहे.