लॉगबुकातले तास : वायुदलातून एअरलाइनपर्यंत

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर वापरातली धावपट्टी एकच आहे आणि ती वायुदलाची. १९९७ मध्ये सुखोई-३० देशात आली ती याच तळावर. प्रवासी विमान पट्टीच्या तोंडाशी येऊन थांबतं, सुखोईची जोडी कान फाडत निघून जाते, मग वायुदलाचाच कंट्रोलर प्रवासी विमानाला सोडतो. आत बसलेल्यांची चुळबुळ सुरू असते. कॉकपिटमध्ये डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसलेल्याने मात्र कधीकाळी ही पट्टी पलीकडच्या बाजूने वापरलेली असू शकते.

वायुदलातून एअरलाइनमध्ये जाण्याची ही वाट २००० नंतरच्या स्वस्त तिकिटांच्या लाटेत सुरू झाली असा समज आहे. खरं तर भारतीय हवाई वाहतुकीचा पायाच अर्धा लष्करी होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे सगळ्यांना पाठ असतं. तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेणारा नेव्हिल व्हिन्सेंट विसरला जातो. तो ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक. टपालसेवेची योजना टाटांकडे त्यानेच आणली. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवलं जाई.

दुसरं महायुद्ध संपलं आणि एकाच वेळी दोन गोष्टी उरल्या : डाकोटा विमानं आणि ती उडवता येणारी माणसं. दोन्ही स्वस्त. त्या बळावर १९४६-४७ मध्ये विमान कंपन्यांचं पीक आलं. कलिंगा एअरलाइन्स काढणारे बिजू पटनाईक युद्धकाळात हवाई दलासाठीच उडत होते. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य उतरवायची वेळ आली तेव्हा वायुदलाची विमानं पुरेनात, म्हणून खासगी कंपन्यांच्या डाकोटा ताब्यात घेतल्या गेल्या. गणवेश कुठला हा प्रश्न त्या आठवड्यात कुणाला पडला नसावा.

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. नोकरी देणारं सरकार एकच, त्यामुळे ये-जा दोन्ही बाजूंनी होऊ लागली. प्रतापचंद्र लाल वायुदलातून इंडियन एअरलाइन्सचे जनरल मॅनेजर म्हणून गेले, परत आले, १९७१ च्या युद्धात वायुदलप्रमुख होते आणि निवृत्तीनंतर पुन्हा इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष झाले. १९७८ मध्ये मोरारजी सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं आणि तिथे बसवलं ते याच लालना. गंमत म्हणजे वायुदलाने जेआरडींना मानद एअर व्हाइस मार्शल केलेलं होतं.

साध्या वैमानिकाचं गणित मात्र हुद्द्याचं नव्हतं, तासांचं होतं. एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला लागतो एटीपीएल हा परवाना, आणि त्यासाठी किमान १,५०० तासांचं उड्डाण. एएन-३२ किंवा आयएल-७६ ही वायुदलाची मालवाहू विमानं उडवणाऱ्याच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, तास झपाट्याने साठतात : लांब पल्ला, दोन वैमानिकांचं कॉकपिट, लेहच्या फेऱ्या. २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या मिग-२१ या लढाऊ विमानाच्या वैमानिकाची सॉर्टी, म्हणजे एक फेरी, तासाभराच्याही आत आटपायची. त्याच्या लॉगबुकाचं पान भरायचं, बेरीज काही वाढायची नाही. एअरलाइनचा वैमानिक वर्षाला कमाल १,००० तास उडू शकतो. फायटरवाल्याला तेवढ्या तासांसाठी कितीतरी वर्षं घालवावी लागतात. त्यातला एकेक तास किती जिवावरचा होता, याचा रकाना परवाने देणाऱ्या डीजीसीएच्या अर्जात नाही. म्हणून ट्रान्सपोर्टवाले आधी आणि सहज बाहेर पडले, फायटरवाले मागून. अमेरिकेत लष्करी वैमानिकासाठी १,५०० ची अट ७५० वर आणली आहे. आपल्याकडे तशी सूट नाही.

शिवाय परीक्षा. एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र. बेचाळिशीचा विंग कमांडर दिल्लीत द्वारकेच्या क्लासला विशीतल्या पोरांशेजारी बसून नियम पाठ करतो, मग टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) करतो आणि एअरलाइनमध्ये उजव्या सीटवर फर्स्ट ऑफिसर म्हणून रुजू होतो. डावीकडचा कॅप्टन वयाने दहा वर्षांनी लहान असू शकतो. सीनियॉरिटी रुजू झाल्याच्या तारखेपासून लागते. पदकं त्यात धरत नाहीत.

बेचाळिशीच का, तर वीस वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन पक्कं होतं. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा गेला, खासगी कंपन्यांना रीतसर दार उघडलं. २००३ ला एअर डेक्कन, २००६ ला इंडिगो. विमानं येत गेली, कॅप्टन कमी पडले, परदेशी वैमानिक भाड्याने आणावे लागले. त्याच सुमारास आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने वैमानिकाची वयोमर्यादा ६० वरून ६५ केली. एका फटक्यात बेचाळिशीतल्या माणसापुढे वीसेक वर्षांची दुसरी कारकीर्द उभी राहिली. त्यापुढे वायुदलाने वैमानिकांना सोडण्यात हात आखडता घेतला नसता तरच नवल. मुदतपूर्व निवृत्ती हा अधिकाऱ्याचा हक्क नाही, सेवेची गरज असेल तर अर्ज पडून राहतो. पोरं पैशाला भुलली, ही तक्रार मला अर्धवट वाटते. बढतीचा पिरॅमिड वर निमुळता होत जातो, आणि ज्याला उडायचंच आहे त्याच्या वाट्याला चाळिशीनंतर फायलीच जास्त येतात.

राहतो प्रश्न सवयींचा. एकट्याने उडणाऱ्याला शेजारच्याचं ऐकायला शिकावं लागतं. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडच्या टेबलटॉप (टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या) धावपट्टीवरून एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पावसात खाली घसरलं, दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. कॅप्टन दीपक साठे नागपूरशी नातं असलेले, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए), वायुदल अकादमीत सर्वोत्तम कॅडेटचा स्वोर्ड ऑफ ऑनर मिळवलेले, मिग-२१ उडवलेले. चौकशी अहवालाने म्हटलं की विमान पट्टीवर फार पुढे टेकलं आणि सहवैमानिकाची 'गो अराउंड'ची, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याची, सूचना पाळली गेली नाही. बातम्यांनी 'माजी फायटर पायलट' हे शब्द उचलून धरले. पण साठेंनी वायुदल सोडलं होतं २००३ मध्ये. अपघाताच्या दिवशी त्यांच्या नावावर दहा हजारांहून जास्त तास होते, आणि त्यातले बहुतेक तास वायुदलातले असण्याची शक्यता कमीच.