६१ हंस (जुळा तारा)

६१ हंस हा हंस तारकासमूहातील, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा जुळा तारा. दोन घटकांपैकी मोठा ५.२ प्रतीचा (प्रत हे तेजाचे माप, आकडा मोठा तितका तारा मंद) आणि धाकटा ६.० प्रतीचा, डोळ्यांना ते एकच वाटतात आणि एकत्रित तेज ४.८ प्रतीचे भरते. दोन्ही सूर्यापेक्षा लहान, थंड आणि नारिंगी आहेत. मोठ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.७ पट, पृष्ठभागाचे तापमान साधारण ४,४०० केल्व्हिन. धाकटा त्याहून थोडा हलका आणि थंड. आपल्यापासून ही जोडी ११.४ प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्याखेरीज ज्या ताऱ्याचे अंतर सर्वप्रथम विश्वासार्हपणे मोजून जाहीर झाले तो हाच.

या ताऱ्याचे सगळे महत्त्व त्याच्या गतीत आहे. तो दरवर्षी आकाशात ५.२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो, म्हणजे साडेतीनशे वर्षांत पूर्ण चंद्राच्या व्यासाएवढा. इटालियन खगोलज्ञ ज्युझेप्पे पियात्सी यांनी पालेर्मोच्या वेधशाळेतून घेतलेल्या नोंदींवरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही निजगती दाखवून दिली. एवढी निजगती म्हणजे तारा जवळचा असणार, या तर्काने जर्मन खगोलज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी क्योनिग्सबर्ग येथे त्याची निवड केली. त्यांनी वापरलेल्या हेलिओमीटर या यंत्राचे वस्तुभिंग मधोमध कापलेले असते. एक अर्ध स्क्रूने सरकवून एका ताऱ्याची प्रतिमा दुसऱ्यावर आणायची आणि स्क्रूच्या फेऱ्यांवरून कोन काढायचा. शेजारच्या दोन मंद ताऱ्यांपासूनची अंतरे वर्षभर अशी मोजून बेसेल यांनी १८३८ मध्ये ०.३१४ विकला पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरल्याने ताऱ्याच्या जागेत दिसणारा फरक, ज्यावरून अंतर काढतात) जाहीर केला. आजचे मूल्य ०.२८६ आहे. त्या काळच्या साधनांनी चूक केवळ दहा टक्क्यांच्या आसपास यावी हे थक्क करणारे आहे.

दोन्ही घटक एकाच वेगाने, एकाच दिशेने (ईशान्येकडे) सरकतात, म्हणून ही जोडी केवळ दृष्टिरेषेत आलेली नाही हे ठरते. गतीतला बारीक फरक म्हणजे परस्परांभोवतीची कक्षीय गती. एका प्रदक्षिणेला सुमारे सात शतके लागतात. सध्या त्यांच्यातले कोनीय अंतर ३१-३२ विकलांच्या आसपास आहे. या जोडीभोवती ग्रह असल्याचा दावा १९४० च्या दशकात झाला. पुढे त्याला पुष्टी मिळाली नाही.

पुण्याचा अक्षांश १८.५° आणि ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) ३८.७५° उत्तर, त्यामुळे तो मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येताना उत्तर क्षितिजापासून ७०° उंच असतो. पावसाळ्यात ढग तो बघू देत नाहीत. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री आठच्या सुमारास तो मध्यमंडलावर येतो, तर नोव्हेंबरच्या मध्याला त्याच वेळी वायव्येकडे ५९° उंचीवर उतरलेला असतो. शहरातील गच्चीवरून तो दिसण्याची आशा धरू नये. पानशेत-वेल्हे भागात मात्र पुण्याचा उजेड ईशान्येकडे राहतो आणि वायव्य बाजू काळी मिळते, म्हणून नोव्हेंबर तिथे विशेष चांगला. दिवाळीच्या दिवसांत धूर असतो, पण अमावास्याही तेव्हाच येते. शहरापासून दूर गेल्यास फायदा होतो.

शोधण्यासाठी डेनेब, हंसाच्या छातीतील गॅमा आणि आग्नेय पंखातील एप्सिलॉन हे तारे घ्यावेत. समांतरभुज चौकोन पुरा केला की गॅमासमोरचा चौथा कोपरा ६१ हंसापाशीच येतो. नेहमीची चूक म्हणजे दोन अंशांच्या आतच असलेला, ३.७ प्रतीचा टाऊ हाच तो समजणे. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे द्यावीत, मोबाइल बंद ठेवावा आणि नजर थोडी बाजूला लावून बघावे. १०×५० बायनॉक्युलर हातात धरल्यास कंपनामुळे जोडी एकात मिसळते. ट्रायपॉडवर लावला की दोन तारे सुटे दिसतात. ६० मिमी दुर्बिणीला ३० पट वर्धन पुरते. आणखी वाढवल्यास दोघांच्या रंगांतले साम्य एका नजरेत जुळवता येत नाही. मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरते, तेव्हा दवकवच लावलेले असावे.

निजगती स्वतः मोजणे हा या ताऱ्याचा खरा आनंद आहे. २०० मिमी लेन्स आणि ४ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असल्यास एका पिक्सेलात ४.१ विकला मावतात. पाच वर्षांत तारा २६ विकला, म्हणजे सुमारे सहा पिक्सेल सरकतो. या क्रांतीवर आकाश सेकंदाला ११.७ विकला फिरते, म्हणून आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारी अनुसरण यंत्रणा नसेल तर एक सेकंदाचे उद्भासनसुद्धा (एक्स्पोजर) तीन पिक्सेलांची रेघ देते. अशी पन्नासेक छायाचित्रे जुळवून एक करावी लागतात. लेन्स, फोकस आणि महिना दरवर्षी तोच ठेवावा. महिना बदलला तर पराशयाचा हिस्सा मिसळतो, पण तो एवढा लहान आहे की अशा कॅमेऱ्यात दिसत नाही. खरी गडबड होते ती उंची बदलल्याने वातावरणीय वक्रीभवन वेगळे झाल्याने आणि लेन्सच्या कडेच्या विकृतीने. म्हणून ६१ हंस चौकटीच्या मध्याशी ठेवावा आणि त्याच्या आसपासच्या निदान सहा-सात मंद, दूरच्या ताऱ्यांशी मोजमाप जुळवावे. एकाच ताऱ्याशी तुलना केल्यास तोही हलता निघाला तर सारे आकडे चुकतात.